घरी शूट केलेला व्हिडिओ ओपन लायसन्सखाली टाकताय? पेटंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली सोडायच्या आधी आमच्या मजल्यावरच्या जवळपास प्रत्येक घराने मोबाईलवर जमेल तसं शूटिंग करून ठेवलं. १६० स्क्वेअर फुटांची खोली, मधला लांब पॅसेज, दोन्ही बाजूंची उघडी दारं, आईने शेवटचा केलेला गणपतीचा नैवेद्य, सगळं. हे नुसतं आपापल्या फोनमध्ये पडून राहू नये, कोणालाही बघता यावं, वापरता यावं, म्हणून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियावाल्यांच्या मोकळ्या फोटो-व्हिडिओच्या साइटवर, टाकायचं ठरलं आणि पहिल्याच फाइलला अडलो, फोनमधली एमपी४ फाइल तिथे घेतच नाहीत. का घेत नाहीत ते शोधता शोधता मी पेटंटच्या विषयात शिरले आणि आता मजल्यावरचे, नात्यातले, ऑफिसमधले सगळे मलाच विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय. मी वकील नाही. व्यवहार मोठ्या पैशांचा असेल तर वकिलाला विचाराच.

व्हिडिओ मी काढला, फोन माझा, घर माझं. मग यात पेटंट कुठून आलं?

व्हिडिओवरचा कॉपीराइट तुमचाच आहे, त्यात काही वाद नाही. पेटंट तुमच्या व्हिडिओवर नाहीये, तो ज्या पद्धतीने दाबून छोटा केला जातो त्या पद्धतीवर आहे.

हिशोब करून बघा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे काहीच न दाबता ठेवलं तर एका मिनिटाला ११ जीबीच्या आसपास जागा लागेल. फोन तेच एक मिनिट शंभर-सव्वाशे एमबीत बसवतो. कसं बसवतो, तर भिंत मागच्या चित्रात होती तिथेच आहे हे ओळखून ती परत लिहीतच नाही, फक्त आईचा हात किती सरकला तेवढं लिहितो. अशा युक्त्यांच्या संचाला कोडेक म्हणतात, आणि एमपी४ फाइलच्या आत बहुतेक वेळा असतो त्या एच.२६४ नावाच्या कोडेकमध्ये अशा शेकडो युक्त्या आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांनी शोधलेल्या आणि पेटंट घेतलेल्या. २००३ मध्ये हे स्टँडर्ड आलं. ती पेटंटं एकत्र करून एका ठिकाणी लायसन्स देणारी संस्था म्हणजे एमपीईजी एलए, जी २०२३ मध्ये व्हाया कंपनीत गेली आणि आता व्हाया एलए म्हणून ओळखली जाते. अशा एकत्र केलेल्या पेटंटांना पेटंट पूल म्हणतात, हा शब्द पुढे सारखा येईल.

मी सीसी बाय-एसए लायसन्स लावलं म्हणजे पेटंटचीही परवानगी दिली असं होतं का?

नाही होत. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, आपलं काम इतरांना वापरू देणारी तयार लायसन्सं; बाय म्हणजे माझं नाव द्या, एसए म्हणजे बदल करून वाटताना हेच लायसन्स लावा. त्यांच्या ४.० आवृत्तीत सरळच लिहिलंय की पेटंट आणि ट्रेडमार्कचे हक्क या लायसन्समध्ये येत नाहीत. सीसी झिरोमध्येसुद्धा तसंच आहे, सगळे हक्क सोडले तरी पेटंट त्यात धरलेलं नाही.

चाळीतल्या भाषेत सांगायचं तर माझ्या खोलीची चावी मी कोणालाही देऊ शकते, पण खोलीपर्यंत यायचा जिना माझा नाही, त्यामुळे जिना वापरायची परवानगी मी देऊच शकत नाही. व्हिडिओ ही खोली आणि कोडेक हा जिना. तुम्ही कितीही मोकळ्या मनाने लायसन्स लावलं तरी एच.२६४ ची पेटंटं तुमची नाहीत, ती तुम्ही देणार कुठून? हा एक मुद्दा डोक्यात बसला की बाकीची निम्मी उत्तरं आपोआप सुटतात.

मग मला कोणाला पैसे भरावे लागतील का? केस वगैरे होईल का?

घरगुती व्हिडिओ काढून फुकट वाटणाऱ्या माणसाला काहीही भरावं लागत नाही. एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा) आणि डीकोडर (तो परत उलगडून दाखवणारा) यांची रॉयल्टी ही फोन, टीव्ही, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडून घेतली जाते, त्यातही एच.२६४ पूलमध्ये वर्षाला पहिल्या १ लाख नगांना काहीच नाही आणि त्यापुढे नगामागे २० सेंट, आणखी पुढे १० सेंट असा दर ठरलेला होता. फोन घेताना ते पैसे किमतीत आलेच. आणि इंटरनेटवर प्रेक्षकाला फुकट दिसणाऱ्या व्हिडिओवर या पूलची रॉयल्टीच नाही.

पेटंटच्या केसेस होतात त्या कोणावर ते पण बघा. २०१३ मध्ये दिल्ली हायकोर्टात एरिक्सनने केस केली ती मायक्रोमॅक्सवर, फोन विकणाऱ्या कंपनीवर. फिलिप्सची डीव्हीडीच्या पेटंटवरची केस होती ती प्लेअर बनवणाऱ्यांवर. प्लेअर घरी आणून लग्नाची डीव्हीडी बघणाऱ्यावर नाही. भीतीने व्हिडिओ टाकायचे थांबवू नका प्लीज, माझं हे सगळं लिहायचं कारण तुम्हाला घाबरवायचं नाहीये, उलट व्हिडिओ टाकावेत आणि नीट टाकावेत एवढंच आहे.

पप्पांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात "पर्सनल यूज" असं काहीतरी आहे. ते काय?

ती पुस्तिका आमच्याकडेही आहे, बॅटरीच्या चार्जरसोबत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली. मागच्या पानांवर सगळं कॅपिटल अक्षरात छापलेलं एक परिच्छेदभर इंग्रजी आहे आणि भिंग घेतल्याशिवाय वाचता येत नाही. त्याचा अर्थ असा की हा कॅमेरा एव्हीसी पेटंट पोर्टफोलिओ लायसन्सखाली दिलाय, ग्राहकाच्या वैयक्तिक वापरासाठी किंवा ज्यात मोबदला मिळत नाही अशा इतर वापरासाठी, आणि बाकी कुठल्याही वापरासाठी लायसन्स दिलेलं नाही. एव्हीसी म्हणजे एच.२६४ चंच दुसरं नाव.

हे वाचून मी खरंच चरकले होते. कारण सीसी बाय किंवा बाय-एसए लावलं की मी पुढच्या माणसाला सांगते, घे, विक, डॉक्युमेंटरीत वापर, पैसे कमव, फक्त माझं नाव दे. आणि इकडे पुस्तिका सांगते की मोबदला नसेल तोवरच लायसन्स आहे. म्हणजे माझ्याकडून मी सगळं मोकळं केलं तरी फाइलचा साचा मात्र अटी घालूनच पुढे जातो. प्रत्यक्षात फुकट व्हिडिओला रॉयल्टी नाही, पैसे घेऊन एकेक विकला तरी १२ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओला नव्हती, आणि त्याहून मोठ्यालासुद्धा किमतीच्या २ टक्के किंवा २ सेंट यातलं जे कमी ते, म्हणजे रक्कम किरकोळच. पण प्रश्न रकमेचा नाहीये. एखाद्या गोष्टीला "कोणीही, कशासाठीही वापरा" म्हणायचं आणि तिच्या पाठीवर "मोबदला न घेता" असा शिक्का राहू द्यायचा हे मला पटत नाही. यावर उपाय सोपा आहे, फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये द्यायची.

विकिमीडिया कॉमन्स एमपी४ का घेत नाही? सगळं जग तर तेच वापरतं.

नेमक्या याच कारणासाठी. तिथे नियम असा की फाइल वापरायला कोणाचीही परवानगी काढायला लागता कामा नये, आशयासाठीही नाही आणि फॉरमॅटसाठीही नाही. २०१४ च्या सुरुवातीला विकिमीडियाने स्वतःच आपल्या संपादकांना विचारलं होतं की एमपी४ ला परवानगी देऊया का, अपलोड करणाऱ्यांना सोपं जाईल. खूप चर्चा झाली आणि लोकांनी नाही सांगितलं. मला आधी हा हट्ट वाटला होता, मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना मी कुठे कोडेक समजावत बसू, पण खालचा प्रश्न वाचा म्हणजे मी बाजू का बदलली ते कळेल.

पण इंटरनेटवरच्या फुकट व्हिडिओसाठी एच.२६४ कायमचं फुकट केलंय ना? मग वाद कशाला?

केलंय, पण कसं केलं ते बघा. सुरुवातीला ही सूट २०१० च्या शेवटापर्यंतच होती. फेब्रुवारी २०१० मध्ये ती २०१५ पर्यंत वाढवली, म्हणजे पुढे काय ते तेव्हा बघू असंच. मग मे २०१० मध्ये गूगलने ऑन२ कंपनी विकत घेऊन मिळवलेलं व्हीपी८ कोडेक मोकळं करून वेबएम हा फॉरमॅट जाहीर केला, पेटंटचीही परवानगी देऊन टाकली, आणि ऑगस्ट २०१० मध्ये एमपीईजी एलएने सांगितलं की फुकट इंटरनेट व्हिडिओवर आम्ही कधीच रॉयल्टी घेणार नाही. मे आणि ऑगस्ट. मध्ये तीन महिने. समोर दुसरं दुकान उघडलं म्हणून पहिल्या दुकानाने भाव पाडला, हे आपण दादरच्या मार्केटमध्ये रोज बघतो. ते दुसरं दुकान चालू राहावं असं वाटत असेल तर तिथून थोडीफार खरेदी करायला हवी ना.

आणि "फुकट आहे की, वापरूया" म्हणून फसल्याचं जुनं उदाहरण म्हणजे जीआयएफ. लोक वर्षानुवर्षं जीआयएफ चित्रं बनवत होते आणि १९९४ च्या शेवटी कळलं की आतल्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर युनिसिसचं पेटंट आहे आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी लायसन्स घ्यायला हवं. त्यातूनच पीएनजी जन्माला आलं. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ मध्ये संपलं, पण मधली वर्षं डोकेदुखी झालीच. आपले चाळीचे व्हिडिओ ५० वर्षांनी कोणीतरी उघडावेत असं आपल्याला वाटतं, मग आज कोण किती उदार आहे यावर ते का सोडायचं?

मग वेबएम, व्हीपी९, एव्ही१ हे नक्की मोकळे आहेत का?

मोकळे म्हणूनच दिलेत. वेबएम हा डबा आहे, आत व्हिडिओसाठी व्हीपी८, व्हीपी९ किंवा एव्ही१ आणि आवाजासाठी व्हॉर्बिस किंवा ओपस असतं. व्हीपी८ वर पेटंट पूल काढायची तयारी एमपीईजी एलएने केली होती, पण मार्च २०१३ मध्ये गूगलबरोबर करार होऊन ते मिटलं. एव्ही१ हे अलायन्स फॉर ओपन मीडियाने २०१८ मध्ये आणलं, त्यात गूगल, मोझिला, सिस्को, ॲमेझॉन, नेटफ्लिक्स अशा कंपन्या २०१५ पासून एकत्र आल्या होत्या, आणि सभासदांनी आपापली पेटंटं रॉयल्टीशिवाय वापरायला दिली.

पण खरं ते सांगायला हवं. २०१९ मध्ये सिस्वेल नावाच्या कंपनीने व्हीपी९ आणि एव्ही१ साठीही पेटंट पूल जाहीर केला, आमच्या गटातल्या लोकांची पेटंटं यात येतात असं त्यांचं म्हणणं. अलायन्स ते मानत नाही. तो पूलसुद्धा टीव्ही, फोन यांसारख्या वस्तूंवर पैसे मागतो, व्हिडिओवर मागत नाही. त्यामुळे "शंभर टक्के" असं पेटंटच्या जगात कोणी म्हणू शकत नाही, पण तुमच्या-माझ्यासाठी आजच्या घडीला वेबएममध्ये व्हीपी९ आणि ओपस हाच सगळ्यात स्वच्छ पर्याय आहे. मी तेच वापरते.

माझा फोन एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतो म्हणे. ते एच.२६४ पेक्षा चांगलं की वाईट?

चित्रासाठी चांगलं, जागा जवळजवळ निम्मी लागते. पेटंटसाठी मात्र डोकं फिरवणारं. एच.२६४ ला निदान एक मोठा पूल होता, एचईव्हीसीला एमपीईजी एलए, एचईव्हीसी ॲडव्हान्स आणि वेलोस असे तीन तीन झाले, शिवाय कुठल्याच पूलमध्ये नसलेले वेगळे. एचईव्हीसी ॲडव्हान्सने २०१५ मध्ये तर स्ट्रीमिंगच्या व्हिडिओवरसुद्धा रॉयल्टी मागितली होती, २०१८ मध्ये ती मागे घेतली. विंडोज लॅपटॉपवर अशी फाइल उघडली की कधी कधी एक्स्टेन्शन विकत घ्यायला सांगतो ना, ते यामुळेच.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा, म्हणजे एच.२६४ मध्ये रेकॉर्ड होईल. अँड्रॉइडमध्ये बऱ्याच फोनना कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असाच पर्याय असतो. आधीच एचईव्हीसीमध्ये काढलेलं असेल तरी चिंता नाही, बदलता येतं.

भारतात सॉफ्टवेअरवर पेटंट मिळतच नाही ना? मग आपल्याला काय फरक पडतो?

अर्धं बरोबर आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(के) म्हणतं की गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. पण कंपन्या अर्ज करताना "अल्गोरिदम" असं लिहीत नाहीत, "व्हिडिओ एन्कोड करायची पद्धत आणि उपकरण" असं लिहितात आणि तशी पेटंटं इथेही मिळतात. त्यामुळे ३(के) दाखवून एका वाक्यात विषय संपत नाही. घरगुती वापराला अशी सरळ सूटही आपल्या कायद्यात नाही, कलम ४७ मधली सूट आहे ती प्रयोग, संशोधन आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी.

दुसरं म्हणजे पेटंट देशापुरतं असतं, पण व्हिडिओ देशापुरता नसतो. आमच्या चाळीतली एक ताई आता न्यू जर्सीला असते, तिने तो डाउनलोड करून तिथल्या मंडळाच्या कार्यक्रमात दाखवला तर तिथला कायदा लागू. पेटंट अर्जापासून २० वर्षं टिकतं, त्यामुळे २००३ च्या आसपासची एच.२६४ ची बरीच पेटंटं संपली आहेत, काही अजून चालू आहेत. काळ आपल्या बाजूने आहे.

एमपी४ चा वेबएम कसा करू? क्वालिटी जाईल का?

हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल ओढून टाकायची, फॉरमॅट वेबएम, व्हिडिओ व्हीपी९, आवाज ओपस निवडायचा आणि स्टार्ट. थोडी क्वालिटी जाते कारण दाबलेलं परत दाबतोय, पण क्वालिटीचा आकडा नीट ठेवला तर डोळ्याला कळत नाही. वेळ लागतो हे मात्र आधीच सांगते, माझ्या जुन्या लॅपटॉपवर पॅसेजचा १८ मिनिटांचा व्हिडिओ रात्री झोपताना लावला होता तो सकाळी दूधवाला आला तेव्हा संपत आला होता, आणि पंख्याच्या आवाजाने आई दोनदा उठली.

ते नको असेल तर कॉमन्सवाल्यांचं व्हिडिओ२कॉमन्स नावाचं टूल आहे, त्याला एमपी४ दिली की तेच बदलून चढवतं.

एक गोष्ट हात जोडून सांगते, व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल वापरू नका. व्हॉट्सॲप पाठवतानाच व्हिडिओ दाबून टाकतं, आईच्या हातातल्या बांगड्यांचे नुसते चौकोन होतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन जा.

वेबएम केल्यावर मूळ एमपी४ डिलीट करू?

अजिबात नको.

एफएफएमपेग, एक्स२६४ ही तर ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहेत. त्यातून एमपी४ बनवला तर तो मोकळा नाही का?

सॉफ्टवेअरचा कॉपीराइट मोकळा आहे, आतल्या पद्धतीवरचं पेटंट दुसऱ्याचं आहे, परत तीच खोली आणि जिना. सिस्कोने २०१३ मध्ये ओपनएच२६४ हे एच.२६४ चं ओपन सोर्स सॉफ्टवेअर काढलं तेव्हा त्याची तयार फाइल स्वतः वाटून रॉयल्टी स्वतः भरायचं कबूल केलं, फायरफॉक्स तेच उतरवून घेतं. तोच सोर्स कोड घेऊन तुम्ही स्वतः बिल्ड केलात तर सिस्कोने भरलेली रॉयल्टी तुम्हाला लागू नाही.

आणि आवाज? एमपी३ चालतं का?

चालतं, त्याची पेटंटं संपली, त्याचं लायसन्स देणाऱ्या फ्राउनहोफर संस्थेने एप्रिल २०१७ मध्ये ते देणंच बंद केलं. फोनच्या व्हिडिओत आवाजासाठी बहुतेक एएसी नावाचा कोडेक असतो. वेबएम करताना ओपस घ्या, २०१२ मधलं स्टँडर्ड आहे, रॉयल्टी नाही आणि कमी जागेत बोलणं खूप स्वच्छ ऐकू येतं.

यूट्यूबवर टाकून क्रिएटिव्ह कॉमन्स निवडलं तर भागेल का?

लायसन्सपुरतं भागतं, तिथे सीसी बाय मिळतं. फॉरमॅटचं ते स्वतः बघतात, तुमची एमपी४ घेऊन व्हीपी९, एव्ही१, एच.२६४ अशा अनेक प्रती बनवतात आणि त्याचं पेटंटचं ओझं त्यांच्यावर. अडचण एवढीच की बघणाऱ्याला मूळ फाइल सहज उतरवता येत नाही. मी तिकडेही टाकते, बघायला लोक तिथेच येतात, आणि उतरवून घ्यायला कॉमन्सची लिंक खाली देते.

काकांनी घरीच चकली पाडायचं एक वेगळं यंत्र बनवलंय. त्याचा व्हिडिओ ओपन लायसन्सखाली टाकू का?

थांबा. आधी काकांशी बोला. इथे पेटंट दुसऱ्या कोणाचं नाही, तुमच्या घरचंच असू शकतं.

पेटंट मिळायला गोष्ट नवी असावी लागते, आणि अर्ज करायच्या आधी तुम्ही स्वतःच ती जगाला दाखवलीत तर कायद्याच्या दृष्टीने ती नवी राहत नाही. सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा थोड्याच गोष्टींना १२ महिन्यांची सूट आहे, घरच्या व्हिडिओला नाही. एकदा चढवला की चढवला, नंतर डिलीट करून उपयोग नाही. काकांना पेटंट हवं असेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज करायचा, ऑनलाइन भरला तर व्यक्तीसाठी सरकारी फी १६०० रुपये आहे, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, आणि अर्ज झाल्यावर व्हिडिओ खुशाल टाकायचा. मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे, बौद्धिक संपदा भवन.

आणि अर्ज करून व्हिडिओ सीसी बायमध्ये टाकला तर लोकांना व्हिडिओ वापरायची परवानगी मिळते, यंत्र बनवून विकायची नाही, कारण लायसन्समध्ये पेटंट येत नाही. उलट काकांची इच्छा असेल की कोणीही बनवावं, तर अर्ज न करता सगळी मापं दाखवून, तारखेसह टाका. मग निदान तेच यंत्र आपलं म्हणून दुसऱ्या कोणाला पेटंट घेणं अवघड जाईल, कारण ते आधीच जगासमोर आलेलं आहे. दोन्ही रस्ते चांगले आहेत, पण ठरवायचं काकांनी, पुतण्याने उत्साहात अपलोड करून टाकायचं नाही. ओळखीतल्या एका घरात हे झालंय आणि त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही.

व्हिडिओत कुकर, मिक्सर, शिलाई मशीन दिसतंय. त्यांचं पेटंट?

काही नाही. पेटंट म्हणजे वस्तू बनवणं, वापरणं, विकणं, आयात करणं यावरचा हक्क. शूटिंग करणं त्यात येत नाही, आणि कुकर तुम्ही विकत घेतलेलाच आहे.

लग्नाचा व्हिडिओ शूटिंगवाल्याने काढलाय. तो म्हणतो कॉपीराइट माझा.

हे पेटंटचं नाही पण फार विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे की तुम्ही पैसे देऊन फिल्म काढून घेतली असेल आणि उलट काही करार नसेल तर पहिला मालक तुम्ही. म्हणून बुकिंगची पावती आणि त्यामागच्या अटी आधी वाचा. त्याने मागे टाकलेली सिनेमाची गाणी मात्र ना तुमची ना त्याची.

शूटिंग चालू असताना खाली मंडपात लाउडस्पीकरवर सिनेमाचं गाणं वाजत होतं.

मुंबईत गणपतीत शूटिंग केलं की हे होणारच. मागे दिसणारी कमान, पुतळा, चित्र यांना कलम ५२ मध्ये सूट आहे, पण रेकॉर्ड केलेल्या गाण्याला तशी नाही, आणि दुसऱ्याचं गाणं तुम्ही ओपन लायसन्सखाली देऊ शकत नाही. तेवढा भाग कापा किंवा आवाज बंद करा. घरच्यांनी टाळ्या वाजवत म्हटलेली जुनी आरती असेल तर ठेवा, तिचे शब्द कित्येक पिढ्या जुने आहेत.

कोणी माझ्या व्हिडिओवर पैसे कमवू नयेत म्हणून एनसी (नॉन-कमर्शियल) लावू का?

तुमची मर्जी, पण मग कॉमन्स घेणार नाही, तिथे बाय, बाय-एसए किंवा सीसी झिरो चालतं. आणि एनसीमुळे शाळेला, छोट्या डॉक्युमेंटरीवाल्याला, पेपरवाल्याला पण शंका येते की आपण कमर्शियल की नाही. फुकट घेऊन कोणी बंद करून ठेवू नये असं वाटत असेल तर बाय-एसए लावा, म्हणजे त्यानेही बदल करून वाटताना तेच लायसन्स लावायला हवं. लावण्याआधी घरात सगळ्यांना विचारा, व्हिडिओत जे दिसतात त्यांनाही, कारण ही लायसन्सं दिल्यावर मागे घेता येत नाहीत.

घरी जुन्या टेप आहेत, हाय८ आणि मिनीडीव्ही. त्यांचं काय?

पेटंटच्या बाबतीत या सगळ्यात सोप्या. डीव्ही, म्हणजे मिनीडीव्ही टेपवरचा फॉरमॅट, हे १९९० च्या दशकातलं, आणि दुकानदार डीव्हीडी करून देतात त्यातला एमपीईजी-२, त्याचंही अमेरिकेतलं शेवटचं पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपलं, म्हणून कॉमन्स एमपीईजी-२ थेट घेतं.

पण टेप थांबत नाही, मुंबईच्या दमटपणात बुरशी धरते. आम्ही पप्पांच्या नऊ टेप एका दुकानात दिल्या, त्याने एचईव्हीसीमध्ये दाबून, कोपऱ्यात दुकानाचा लोगो छापून आणून दिल्या. १९९९ ची दिवाळी, आजी पॅसेजमध्ये पणत्या मांडतेय आणि तिच्या पदरावर फोन नंबर. परत करून घ्यावं लागलं, तोवर एक टेप अडकून तुटली. तर देताना कागदावर लिहून द्या, लोगो नको, डीव्ही असेल तर जशीच्या तशी डीव्ही फाइल, नाहीतर एमपीईजी-२ मोठ्या बिटरेटला (म्हणजे कमी दाबून), एचईव्हीसी नको, आणि टेप परत हव्यात. फाइल हातात आल्यावर दुकानातच उभं राहून प्रत्येक टेपची सुरुवात, मधलं आणि शेवट लावून बघा, मगच उरलेले पैसे द्या.